वहीवालीचं उत्तर : चाळीस वर्षांनी वर्ग जमवायचा तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. १९८५ साली इंदुरातून बी. एस्सी. झालात, आता बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, राजेंद्र नगरात राहता. मागच्या दिवाळीत वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलात, दीड महिन्यात ६४ जण सापडले. पहिले पंधरा दिवस रात्री दोन-दोनपर्यंत गप्पा, जुने फोटो. मग सुप्रभातची फुलं, मग फॉरवर्ड, मग निवडणुकीवरून जुंपली आणि तिघं बाहेर पडले. मेळावा ठरवलात, २६ जणांनी 'पक्का' म्हटलं, आले पाच. आता विचारताय की चुकलं कुठे, आणि ग्रुप बंद करून टाकू का.

बंद करू नका. आणि पाच आले ही वाईट सुरुवात नाही. माझ्याकडे २००२ साली पहिल्यांदा चार आले होते, त्यातला एक चुकून.

मी होळकर कॉलेजची, बायॉलॉजी ग्रुप, १९७७ची बी. एस्सी. आमच्या पदवीवर 'इंदूर विद्यापीठ' असं छापलंय. १९८८ मध्ये त्याचं देवी अहिल्या विश्वविद्यालय झालं. वर्गातल्या मुलींची नावं लग्नात बदलली तसं विद्यापीठाचंही बदललं, असं आम्ही म्हणतो. वर्गात ५८ जण होतो. २००२ मध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून मी वर्गातल्या प्रत्येकाची माहिती लिहायला एक लाँगसाइज वही घातली आणि तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. मधल्या काळात आणखी तीन बॅचना वही घालून दिली. त्यातल्या दोन चालल्या, एक बंद पडली. इथे कुणाचं नाव लिहिणार नाही, रोल नंबरच लिहीन. आमचे निकालही 'नईदुनिया'त रोल नंबरांनीच छापून यायचे, त्यामुळे त्यात कुणाला परकं वाटायचं कारण नाही.

तुमची चूक एकच झाली. ६४ जण एकमेकांचे मित्र होते असं तुम्ही धरून चाललात. कधीच नव्हते. आठवून बघा, थिअरीच्या तासाला मागच्या बाकावरचे चार आणि पुढच्या बाकावरचे चार तीन वर्षांत एकमेकांशी किती बोलले? वर्ग होता हजेरीपटात. खरी होती ती प्रॅक्टिकलची टेबलं. रोल नंबराप्रमाणे पाच-सहा जण एका टेबलाशी, एकाच ट्रेमध्ये झुरळ, एकाच सूक्ष्मदर्शकासाठी धक्काबुक्की, एकाचं जर्नल पाच जणांनी उतरवलेलं. आमच्याकडे आठवड्याला दोन प्रॅक्टिकल, तीन-तीन तासांची. वर्षाचे दीडशे तास धरले तरी तीन वर्षांत चारशेच्या वर जातात.

हा हिशेब मी उगाच मांडत नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त, असं त्यात निघालं. आता साठीनंतर फिरायला जाताना भेटणाऱ्या माणसाबरोबर २०० तास कुठून आणणार? टेबलावरच्या पाच जणांबरोबरचे ते केव्हाच भरून झालेत. बाकीच्यांबरोबरचे नाहीत, आणि ग्रुपवर सुप्रभात टाकून ते भरतही नाहीत.

तेव्हा आधी तुमची टेबलं शोधा. एक मोठा कागद घ्या, आलेल्या त्या पाच जणांना चहाला बोलवा आणि कोण कोणत्या टेबलाशी होतं ते काढा. अर्धा दिवस जाईल, भांडणं होतील, मजा येईल. मग प्रत्येक टेबलाचा एक माणूस ठरवा. हुशार नको, अध्यक्षपदाची हौस असलेला तर मुळीच नको. फोन करायचा कंटाळा नसलेला हवा. त्याचं काम एवढंच : आपल्या टेबलावरच्या पाच-सहा जणांशी तीन महिन्यांतून एकदा आवाजात बोलायचं आणि काही बदललं असेल तर वहीवाल्याला कळवायचं. माझ्याकडे अशी दहा टेबलं आहेत. ५८ जणांना मी एकटीनं फोन करत बसले असते तर २००५ सालीच वही रद्दीत गेली असती.

वहीबद्दल सांगते. संगणकावर ठेवली तरी हरकत नाही, आमच्या एका बॅचनं तसं केलं. पण संगणक ज्याच्या घरी होता तो मुलाकडे पुण्याला गेला आणि वही त्याच्याबरोबर गेली. बंद पडली म्हटलं ती हीच. माझी कागदाची आहे, वर्षातून एकदा झेरॉक्स काढून दुसऱ्या दोघांकडे ठेवते. एका माणसाला एक पूर्ण पान. वर रोल नंबर, तेव्हाचं नाव, आताचं नाव. फोन नंबर पेन्सिलीनं, कारण तो बदलतोच. त्याखाली नवऱ्याचा किंवा बायकोचा नंबर, आणि एका मुलाचा किंवा मुलीचा. हे दोन नंबर पहिल्या नंबराहून महत्त्वाचे. आमच्या वयात फोन लागला नाही तर दहापैकी तीनदा सिम बदललेलं असतं, आणि कधी कधी माणूस दवाखान्यात असतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर भलत्याला मिळतो. रोल नंबर १७ला मी एकदा वाढदिवसाच्या भरभरून शुभेच्छा दिल्या, त्या झाबुआकडच्या कुणा ट्रकवाल्याला पोचल्या. तो बिचारा म्हणाला, "माताजी, जन्मदिन तो नहीं है, पर धन्यवाद."

पानाच्या खालच्या भागात मी तीन गोष्टी लिहिते. कोणत्या कानानं ऐकू येत नाही. फोन किती वाजता केलेला चालतो. आणि कोणता विषय काढायचा नाही. तिसऱ्या रकान्यात काय काय आहे ते सांगणार नाही. मुलाचा घटस्फोट, वाटणीवरून तुटलेला भाऊ, न झालेलं प्रमोशन, असं सगळं. वही टेबलवाल्याला दाखवताना तेवढा भाग मी झाकते. तुम्ही बँकेत होतात, गोपनीयता काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुली. तुमच्या ६४ मध्ये मुली किती सापडल्या ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज आहे, तीन-चार. मुलगे सापडतात, कारण ते नावानिशी तिथेच असतात, नोकरीच्या कागदांत, फेसबुकवर. आपल्या मराठी घरांतून तर आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलायचं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनी मुलगी संपली. आमच्या वर्गात १९ मुली, त्यातल्या १२ मराठी, आणि त्यातल्या सात जणींचं पहिलं नावही बदललेलं. कसल्या सोशल मीडियावर शोधणार?

रोल नंबर ३१ची गोष्ट सांगते. माझ्याच टेबलावरची. रामबागेत वाडा होता, वडील गेले, वाडा विकला, भाऊ परदेशी. लग्न कुठे झालं तेही नक्की कुणाला माहीत नाही. कुणी उज्जैन म्हणे, कुणी नागपूर. दोन वर्षं मी चुकीच्या दिशेला शोधत होते, कारण मी तिला शोधत होते. मग एका हळदीकुंकवाला आमच्या आळीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तिचं लग्न लावलं त्या गुरुजींना विचार न. गुरुजी लोकांची घरं विसरत नाहीत." गुरुजी हयात होते, ऐंशीच्या पुढे. तिचं नाव त्यांना आठवेना. पण वरपक्षाचं गोत्र आठवलं, वरात परत जाताना बस बंद पडली होती ते आठवलं, आणि ती बस देवासची होती हेही. देवास! इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आम्ही तिला नागपूरपर्यंत शोधत होतो आणि ती सत्तावीस वर्षं रोज इंदूरचा पेपर वाचत होती.

फोन लावला. मी तिचं माहेरचं नाव घेतलं. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "आई गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती गं."

तुम्हाला वाटेल, मग ती मेळाव्याला आली असेल. नाही आली. आजतागायत एकदाही नाही, आणि ग्रुपमध्येही नाही. घरात कुणाला आवडत नाही की तिलाच नको वाटतं, मी विचारलेलं नाही. संक्रांतीला तिचा फोन येतो, अर्धा तास बोलते, तो मी वहीत टिपते. माझ्या हिशेबी रोल नंबर ३१ संपर्कात आहे. सापडलेल्या माणसाला लगेच ग्रुपमध्ये ओढायचं नसतं. आधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं नाही. तुम्ही त्या ६४ पैकी किती जणांना न विचारता घातलंत ते आठवून पाहा.

जाता जाता, तू की तुम्ही? आमच्या वेळी मुलगे मुलींशी बोलत नसत, बोलले तर 'अहो मिस' म्हणत. तुमच्या वेळी थोडं सैल झालं असेल. पण चाळीस वर्षांनी पहिल्याच फोनवर "काय गं, ओळखलंस का?" असं ठोकून देऊ नका. तिकडे सून शेजारी बसलेली असते. 'तुम्ही'नं सुरू करा, ती स्वतः 'तू'वर येईल. हिंदी बोलणाऱ्यांत 'आप' आणि 'तू' यांच्यामध्ये 'तुम' आहे, त्यांची सोय आहे. आपली नाही.

ग्रुपचं म्हणाल तर तो दोन भागांत तोडा. एकात सगळे ६४, आणि सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून टाका. हा सूचनाफलक. कॉलेजात व्हरांड्यात काचेआड असायचा तसा. महिन्याला दोन-तीन सूचना, बस्स. दुसरा कट्टा. ज्याला हवं त्यानं यावं, सुप्रभात टाकावं, मोदी-राहुल करावं, बाहेर पडावं, परत यावं. कट्ट्यावरून कोण गेलं याचा हिशेब ठेवू नका. जे तिघं तुमच्याकडून भांडून गेले त्यांना फोन करा, परत या म्हणायला नाही, फलकावर नाव असू दे का एवढंच विचारायला. बहुतेक वेळा 'असू दे' म्हणतात.

फलकावर तीन गोष्टी कधीही नकोत. पहिली पैसे. हे मी स्वतः चुकून शिकले. रोल नंबर ९चं हृदयाचं ऑपरेशन होतं, परिस्थिती बेताची, मला त्याच्या टेबलवाल्याकडून कळलं. मी चांगुलपणाच्या भरात सगळ्यांना लिहिलं, आपण मदत करू या. दोन दिवसांत बरीच रक्कम जमली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, एकच वाक्य : "मैंने तुमसे माँगे थे क्या?" पैसे त्यानं घेतले नाहीत. सगळ्यांचे सगळ्यांना परत करायला मला महिना लागला, आणि ते काम करताना जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. माझ्याशी तो आजही बोलत नाही. त्याच्या पानावर टेबलवाल्याचं अक्षर आहे, माझं नाही. तेव्हापासून मदतीची गोष्ट तिघांच्या वर जात नाही, आधी त्या घरच्या माणसाला विचारतो, आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात, मध्ये कुणी नाही. आणि एखाद्या वर्गमित्राचा फोटो लावून "अडकलोय, लगेच पाठव" असा मेसेज आला तर आधी आवाजात फोन लावायचा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता १९३० वर कळवायचं, जितक्या लवकर तितकं बरं. तुम्ही बँकेतले असून असं लिहिते म्हणून हसू नका, आमच्यातला फसलेला बँकेतलाच होता.

दुसरी विमा, प्लॉट आणि गुंतवणूक. प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच. त्याला प्रेमानं कट्ट्यावर पाठवा.

तिसरी मृत्यूच्या बातम्या, खात्री केल्याशिवाय. रोल नंबर ४४च्या धाकट्या भावाचं निधन झालं, आडनाव तेच, कुणीतरी पेपरातली चौकट ग्रुपवर टाकली (तेव्हा सगळेच लिहू शकायचे) आणि अर्ध्या तासात ॐ शांतीची रांग लागली. दोघांनी तर आठवणीही लिहिल्या, एकानं त्याच्याकडून उसना घेतलेला कंपास परत न केल्याची कबुली दिली. संध्याकाळी रोल नंबर ४४ स्वतः ग्रुपवर अवतरला : "भिया, अभी हूँ. कंपास भिजवा दो." तो मुळात मिस्कील म्हणून निभावलं. भावाच्या सुतकात बसलेल्या माणसानं ते वाचलं याचं मला अजून वाईट वाटतं. आता ही बातमी फक्त दोघं टाकतात, घरी बोलून झाल्यावर. अंत्ययात्रेची वेळ आणि मुक्तिधाम कोणतं तेही त्यातच, म्हणजे सगळ्यांचे फोन त्या घरी जात नाहीत.

मेळावा. तुम्ही हॉटेलचा हॉल घेतलात, माइक होता, एकेकानं उभं राहून ओळख करून द्यायची होती, असं लिहिलंय. हे निवृत्तीच्या सभेसारखं झालं. न आलेल्या २१ जणांपैकी निम्मे त्या ओळख करून देण्याला घाबरले असणार. आयुष्यात काय केलं ते माइकवर सांगायचं? ज्याचं बरं चाललंय तो बोलेल, बाकीचे येतच नाहीत. आणि रात्री आठची वेळ! मोतीबिंदू झालेल्या माणसानं विजय नगरच्या चौकातून रात्री गाडी काढायची?

आमचा सगळ्यात छान मेळावा जमला तो रेल्वेच्या कृपेनं. पातालपाणी ते कालाकुंड ही छोटी लाइन, तिच्यावर डिसेंबर २०१८ मध्ये हेरिटेज गाडी सुरू झाली. कॉलेजात असताना याच मीटर गेजनं आम्ही पातालपाणीला सहलीला जायचो, म्हणून पुढच्याच महिन्यात १८ तिकिटं काढली. अंतर दहा-एक किलोमीटरचं. पण गाडी इतकी संथ जाते, बोगदे, पूल, घाटातली वळणं, की उठून फिरायची सोय नाही. समोरासमोर चार-चार जण बसले ते बसलेच. कोण कुणाच्या टेबलाचा ते मी तिकिटं वाटताना बघितलं होतं, हे कुणाला कळलं नाही. कालाकुंडला उतरलो, पळसाच्या पानावर कलाकंद घेतला, आणि रोल नंबर ५ आणि ६, जे १९७६ मध्ये जर्नलवरून भांडले होते, एका पानातून खात होते. जर्नल कुणी हरवलं यावर अजून एकमत नाही.

गाडी रोज थोडीच मिळणार. पण चार-चार जणांना एकत्र बसवायचं, उभं राहून बोलायचं नाही, तळमजला, पाठ टेकायला खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह, एवढं कुठेही जमतं. वर्षातून एक मोठा मेळावा दिवाळीनंतर भाऊबीजेच्या पुढच्या रविवारी ठेवा, बाहेरगावचे तसेही आलेले असतात. अनंत चतुर्दशीला ठेवू नका, झाँक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, रात्री शहर ओलांडता येत नाही. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खायची टूम कुणीतरी काढेलच, ती पन्नाशीपर्यंतच ठीक.

मोठ्या मेळाव्यापेक्षा माझा भरवसा पहिल्या रविवारवर आहे. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला छप्पन दुकानवर पोह्यांना जमतो. आमंत्रण नाही, 'कोण कोण येतंय' नाही, वर्गणी नाही, ज्याचं त्यानं द्यायचं. आता तिथे गाड्या आत येत नाहीत, बसायला बाक आहेत. कधी नऊ जण असतो, कधी दोघं. एका पावसाळ्यात मी एकटीच होते, पोहे-जिलेबी खाल्ली आणि परत आले. एकटीनं जावं लागलं तरी जायचं, कारण पुढच्या महिन्यात येणाऱ्याला खात्री हवी की कुणीतरी असेलच. अमेरिकेतल्या दोघांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावतो. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे अकरा, थंडीत दहा. जिलेबी दाखवली की ते चिडतात.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की तुमचा टेबलावरचा एक जण, पूर्वी सगळ्यात जवळचा, फोन उचलत नाही, मेसेज वाचतो आणि उत्तर देत नाही, किती वेळा करावा. तीनदा करा, दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं. मग थांबा आणि पोस्टकार्ड टाका. पोस्टकार्डाला उत्तर देण्याचं ओझं नसतं, निळी खूण उमटत नाही. त्यात 'का बोलत नाहीस' विचारू नका. झुरळाच्या ट्रेबद्दल लिहा, सरांच्या चष्म्याबद्दल लिहा, चार ओळी, आणि खाली पहिल्या रविवारची जागा आणि वेळ. मी रोल नंबर ९ला दर वर्षी एक टाकते. अजून एकही परत आलेलं नाही, म्हणजे पत्ता तोच आहे.